पॅडच्या आधीचा आवाज

बल्लारपूर
१४ जून

केवळराम,

लग्न झालं तवापासून 'अहो' म्हटलं. आता 'तू' म्हणून राह्यली. राग मान, नाईतं नको मानू, तुही मर्जी. गोष्ट अशी आहे का, 'अहो' म्हणाले जबडा खाली सोडा लागते आन् माहा जबडा सुटत नाई. 'तू' म्हणाले ओठ उलीसे पुढं केले का भागते. तुह्यासाठी याच्यापेक्षा जास्त तोंड मी उघडनार नाई.

फोन काऊन नाई केला म्हणशील. दोन वाक्यं बोलली का कानासमोर कळ उठते आन् थेट डोक्सात जाते. तुह्यावर ते कळ खर्च कराची माही इच्छा नाई. व्हॉट्सअॅपवर लिहिलं तं तू वाचनार नाई, चष्मा विसरलो म्हणशील. अख्ख्या वडसा गावाले माहीत आहे का तुहा चष्मा शाळेपासूनच विसरलेला आहे. म्हणून पोस्टानं चिठ्ठी, थेट तुह्या नाटक कंपनीच्या, 'केवळ नाट्यरंग'च्या ऑफिसात. तू म्हणशील, वाच बापा सोमाजी. सोमाजीभाऊ नाटकात विंगेतून वाक्य देते त्याच आवाजात वाचन, आन् ऑफिसात बसलेले सारे ऐकतीन. ऐकू दे.

मी इथी माह्या मोठ्या बहिणीकडं आहे. गोकुळाबाईनं दारातच माह्या थोबाडाकडं पाह्यलं आन् विचारलं, "हे काय वो?" मी म्हटलं, जांभई देता देता अडकलं. ती बजारात मच्छी विकते. शिळ्या मच्छीले ताजी म्हणनारे तिच्या आजूबाजूलेच बसतेत. तिनं चुलीवर पातळ भात टाकला.

चंद्रपूरच्या डॉक्टरनं मशीनमधून फोटो काढला. म्हणे, कानाच्या समोर जबड्याचा सांधा असते, तिथी दोन हाडांच्या मधात एक गादी असते, ते गादी सरकून अडकली. ऑपरेशनचं मंग पाहू, आधी फिजिओथेरपी करा. तं बल्लारपुरात रिना मॅडम आहे, रेल्वेच्या पुलापासून जवळच. तुह्या भाषेत मालीशवाली. तू सगळ्याईलेच असं एका शब्दात उरकते, म्हणून सांगून राह्यली.

तिनं मले आरशासमोर बसवलं आन् म्हटलं, "तुमचीच बोटं आडवी घाला ताई, किती जातात पाहू." एक गेलं. दुसरं दातावर अडलं. चांगल्या माणसाच्या तोंडात तीन बोटं जातेत म्हणे. मले त्या आरशात स्वतःचीच लाज वाटली. स्टेजवर शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्याले ऐकू जाईन असं रडनारी बाई, आन् तोंडात एक बोट. तीन बोटं जाईपर्यंत गाणं नाई, ओरडणं नाई, नाटक नाई. म्हणजे माह्यासाठी काईच नाई, दुसरं मले येते काय?

"कसं झालं?" तिनं विचारलं. मी जांभईचं सांगितलं.

मी घरून निघाली तवा तू खाटेवर पडून म्हटलं होतं, "दातखिळी बसली तं बसली, घर शांत झालं." कंपनीतले पोट्टे हासले. सोमाजीभाऊ, ते वाक्य तुमी दिलं नव्हतं, मले माहीत आहे. ते त्याचं स्वतःचं होतं. उभ्या जन्मात एक वाक्य स्वतःचं बोलला आन् ते असं!

दिवाळीच्या सीझनले मी स्टेजवर राहीन. तू माह्या जागेवर नागपूरची पोट्टी शोधून राह्यला म्हणे. शोध.

दामिनी


बल्लारपूर
९ जुलै

केवळराम,

तुही चिठ्ठी भेटली. अक्षर सोमाजीभाऊचं, अक्कल तुही.

लिहिलं काय, तं 'खर्रा सोड, तोंड आपोआप मोकळं होईन.' वा रे वा! तंबाखू-सुपारीचा खर्रा आन् मी? सोमाजीभाऊ, हे लिहिताना तुमचा हात नाई अडला? माह्या तोंडात खर्र्याची सुपारी कवा पाह्यली कोणी? खर्र्याची पन्नी याच्या खिशात, पन्नी याच्या उशाखाली. मागच्या सीझनले राजाच्या शेल्यातून पन्नी स्टेजवर पडली तं समोर बसलेल्या बुढ्यानं उचलून वापस दिली, "महाराज, तुमचा खर्रा." अख्खा मंडप हासला. तो खर्रा आता माह्या नावावर?

मले समजते तुहा डाव. लोक विचारत असतीन, दामिनीबाई कुठी आहे, यंदा दिसून नाई राह्यली. काईतरी सांगा लागते. खर्र्यानं जबडा गेला म्हटलं का आपल्या झाडीपट्टीच्या मुलखात कोणी दुसरा सवाल विचारत नाई, घरोघरी एक तरी आहेच. फोकनाड्या! पोस्टरवर 'झाडीपट्टीचा ढाण्या वाघ' लिहून घेते. ताडोब्यातल्या वाघाईले वाचता येत नाई हे तुहं नशीब.

मले तं नवल याचंच वाटते का हे तुले सुचलं कसं. आपल्या झाडीपट्टीच्या नाटकात पाठ कोणीच करत नाई, हे खरं. आज एक नाटक, उद्या दुसरंच, पाठ कराले वेळ कुठी? सोमाजीभाऊ विंगेत पुस्तक धरून बसते, अर्धा शब्द पुढं राहून वाक्य देते आन् आपण म्हणतो. पण आमी निदान वाक्य तोंडातून काढाच्या आधी डोक्सातून नेतो. तुह्या कानातून ते थेट तोंडात उतरते, मधात काई लागत नाई. आठवते का तो दरबार? पावसानं पुस्तक ओलं झालं होतं, सोमाजीभाऊ विंगेत स्वतःशीच पुटपुटला, "अरे, पान चिकटलं." आन् तू मुकुट सावरून, तलवार उपसून गरजला, "अरे! पान चिकटलं!" लोकायनं टाळ्या वाजवल्या. तुले वाटलं तुह्या अभिनयाले वाजल्या.

माह्या बापाच्या तेराव्यालेही तू तसाच. सोमाजीभाऊ मागून हळूच म्हणे, "लय भला माणूस होता," तू म्हणे, "लय भला माणूस होता." माहा बाप तलावात जाळं टाकून जगला, तुह्यासारख्या दहा ढाण्या वाघाईले त्यानं मच्छी खाऊ घातली असती. त्याच्यासाठीही तुह्यापाशी स्वतःचा शब्द नव्हता.

जाऊ दे. जबड्याचं ऐक. रिना मॅडम गरम पाण्यात टॉवेल पिळून गालाले लावते, मंग हातमोजा घालून अंगठा तोंडात खालच्या दाढेवर ठेवते आन् जबडा खाली-समोर असा हळूहळू ओढते. डोळ्यात पाणी येते. ती म्हणते, रडा ताई, पण दात आवळू नका. माही खोड ती, दात आवळून सोसणं. जबड्याले तेच भोवते म्हणे. ओठ मिटलेले पायजेत, पण दात दाताले लागले नाई पायजेत.

घरी कराले एक व्यायाम दिला. "न म्हणा," म्हणे. "न म्हणताना जीभ टाळूले जिथी टेकते ना, तिथीच ठेवून तोंड उघडा. जीभ सोडू नका, जबडा वाकडा जाणार नाही." तं मी दिवसभर गोकुळाबाईच्या आरशासमोर न, न, न. गोकुळाबाई टोपली डोक्यावर घेता घेता म्हणते, "हे लग्नाच्या आधी शिकली असती तं?" मले हासू आलं, कळ उठली, तिले शिव्या घातल्या.

एक गोष्ट मात्र रिना मॅडमनं विचारली. आरशात तोंड उघडताना माही हनुवटी डावीकडं जाते. ती म्हणे, "जांभईनं एकाच बाजूची गादी अशी सरकली? मार तर नाही ना लागला?" मी म्हटलं, नाई. न म्हणाचा अभ्यास चालूच होता.

दामिनी


बल्लारपूर
२ ऑगस्ट

केवळराम,

ठमाबाईले फोन केला होता. तुह्या ऑफिसाच्या समोर तिच्या कंपनीचं ऑफिस, तुले तिचं नाव काढलं का ठसका लागते, मले माहीत आहे. मी गोकुळाबाईले बोलाले लावलं, मी बाजूले बसून ऐकलं. म्हटलं, यंदा दामिनीले तुह्या नाटकात घे, ढाण्या वाघाची संगत पुरी झाली.

ठमाबाई काय म्हणते? "बाई, मी तं उद्या घेतली असती. पण तिच्या तोंडाले खर्र्याचा रोग झाला म्हणतेत, तोंडच उघडत नाई, पुढं कॅन्सर आहे. केवळराम प्रत्येक बुकिंगवाल्याले सांगून राह्यला. कोणतं मंडळ अशी हिरोईन घेईन?"

गोकुळाबाईनं फोन ठेवला आन् मी मोरीत जाऊन बसली. नवऱ्यानं टाकली तं बाई दुसरीकडं उभी राहू शकते. पण तू मले वडशातच नाई, मूल गाव, आरमोरी, अहेरी, जिथी जिथी मंडप पडते तिथी तिथी बसवून टाकलं. माह्यापाशी शेत नाई, दुकान नाई. माह्यापाशी गळा आहे, आन् गळ्याच्या दारावर तू तुह्या खर्र्याची पिचकारी मारली. थू!

तं मी दुसऱ्या दिवशी रिना मॅडमले खरं सांगितलं. सांगते इथीही. सोमाजीभाऊ, तुमाले वाचून दाखवा लागन, मले माफ करा, नाईतं नका करू.

शंकरपटाचं नाटक. मूलकडचं ते गाव, बैलाच्या शर्यती झाल्या होत्या, मंडप भरून लोक. तिसऱ्या अंकात दारुडा नवरा, म्हणजे तू, बायकोले थापड मारते. ठरलं कसं आहे? हात गालापासून वीतभर दूरून जाते, स्टेजखाली बसलेला निकेश ऑक्टोपॅडवर 'फाट्' वाजवते, मी मान फिरवून पडते. किती खेळ केले असतीन असे, माह्या गालाले वाराही नाई लागला.

त्या दिवशी दुसऱ्या अंकातल्या माह्या गाण्याले वन्स मोअर भेटला. एकदा नाई, पब्लिक सोडतच नव्हती. तू विंगेत उभा राहून खर्रा घोटत पाहून राह्यला होता. रंगपटात आली तं तू म्हटलं, "लय चढली का?" मी पाणी पेली.

मंग तिसरा अंक. थापडीचा आवाज आधी आला आन् निकेशचा पॅड मागून वाजला. निकेश, तू तिथी बसला असशील तं ऐक. तुहा हात काडी धरून तसाच राह्यला होता आन् तू माह्याकडं पाह्यलं होतं. तुले समजलं होतं. पॅडच्या आधी आवाज कुठून आला हे पॅडवाल्यालेच तं समजते.

माह्या कानाच्या समोर काईतरी 'कट्' झालं. मी पडली. ते पडणं चांगलं वठलं, शिट्ट्या आल्या.

उजव्या हाताचा माणूस समोर उभा असला तं डावीकडंच लागते. हे सारं ऐकून रिना मॅडमनं माह्या तोंडात घालाले उचललेला अंगठा खाली घेतला. हातमोजा काढून माह्या गालावर साधा हात ठेवला. म्हणे, "ठाण्यात जायचं असेल तर मी येते तुमच्यासोबत." मी म्हटलं, आधी तोंड उघडू दे वो माय, बिन तोंडाची ठाण्यात जाऊन काय हातवारे करू?

आन् घरी? ते विचारू नका कोणी. घरी तं पॅडही नसते.

दामिनी


बल्लारपूर
४ सप्टेंबर

केवळराम,

पोळा झाला. गोकुळाबाईनं मऊ पुरण दिलं, मी चमच्यानं खाल्लं. दोन बोटं आता आरामात जातेत, तिसऱ्याचं नख दाताले लागते.

तुही चिठ्ठी वाचली. साखरेत घोळून लिहून घेतली. 'प्रिय दामिनी' काय, 'तुह्याबिना कंपनी सुनी' काय! सोमाजीभाऊ, हे कोणत्या नाटकातून उतरवलं?

निकेशचा फोन आला होता, मी हूं-हूं करत ऐकला. तुही नागपूरची नंदिनी तालीम टाकून गेली म्हणे. थापडीच्या जागेवर तिनं तुहा हात हवेतच धरला आन् सगळ्याईसमोर म्हटलं, "दादा, अंतर ठेवा." शाबास पोट्टी! मले हे सुचलं नाई. मंग तुले माही आठवण आली. हिरोईन गेल्यावर बायको आठवली, भैताडा.

आन् लिहिलं काय? 'नाटकात कधी कधी लागते. तुले लागलं, मले वाईट वाटलं. झालं गेलं विसर.'

लागलं.

हा शब्द मी किती वेळ पाहत बसली. दगडाची ठेच लागते. बाभळीचा काटा लागते. तहान लागते. त्यात कोणी करनारा नसते, आपोआप होते. तुले मराठीत नेमका असा शब्द भेटला का ज्यात तुहा हातच नाई. चौथीत शाळा सोडल्यावरही एवढं व्याकरण येते तुले?

ठीक आहे. पहिली थापड लागली, असं धरून चालू. हात चुकला, वीतभराचं अंतर चुकलं, खर्र्याच्या नशेत डोळे चुकले. पण मंग काय झालं, ते सांग ना सगळ्याईले! मी खाली पडून होती. लोक शिट्ट्या मारून राह्यले होते. आन् मागच्या रांगेतून कोणीतरी ओरडलं, "वन्स मोअर!" मंग सारा मंडप, "वन्स मोअर! वन्स मोअर!"

त्याईले काय माहीत, त्याईले वाटलं अभिनय आहे. तुले माहीत होतं. तू थांबला. एवढी वर्षं स्टेजवर उभा राह्यला, गाण्याले नाई, भाषणाले नाई, तुले कवाच वन्स मोअर नव्हता. तुह्या थोबाडावर हासू आलं, मी खालून पाह्यलं. तू मले दंडाले धरून उभी केली. मी हळूच म्हटलं, "नको जी, जबड्यात काईतरी झालं." तू ऐकलं. आन् दुसऱ्यांदा दिली, त्याच गालावर, तशीच.

पॅड दुसऱ्यांदा वाजलाच नाई. निकेशनं काड्या खाली ठेवल्या होत्या.

तुले जन्मातला पहिला वन्स मोअर माह्या गालावर भेटला. ठेव तो, फ्रेम करून ऑफिसात लाव.

म्हणून 'लागलं' नाई. 'मारलं.' दोन शब्दातला फरक तुले नाई समजत, तं तोंड उघडून आरशात पाह्य. तू मले खर्र्यावाली म्हणते ना? तुहीच तीन बोटं आडवी घालून दाखव कंपनीसमोर. रिना मॅडमकडं खर्रेवाले येतेत, त्याईच्या गालाचं आतून चामडं होते. तुहं तोंड मी जवळून पाह्यलं आहे. दोन बोटांच्या वर तू उघडनार नाई. म्हणून तं तुले लांब वाक्यं जमत नाईत आन् सोमाजीभाऊ तुह्यासाठी तोडून तोडून देते.

येते का म्हणून विचारलं आहे. जीभ टाळूले लाव, जिथी न म्हणताना टेकते तिथी. मंग जे निघन ते माहं उत्तर.

दामिनी


बल्लारपूर
८ ऑक्टोबर

सोमाजीभाऊ,

हे चिठ्ठी तुमच्या नावानं रजिस्ट्री केली. दसऱ्याच्या आधी हातात पडन, आधी एकट्यानं मनात वाचा, मोठ्यानं दसऱ्यालेच. त्या दिवशी ऑफिसात पेटीची, तबल्याची, पॅडची पूजा होते, समोरच्या बाजूच्या कंपन्या येतेत. ठमाबाईही येईन, मी तिले सांगून ठेवलं आहे. नारळ फुटला, पेढे वाटून झाले का केवळराम म्हणन, "सोमाजी, दामिनीचं काय आलं, वाच." त्याले वाटन, बाई वठणीवर आली, माफी मागून राह्यली. छाती काढून म्हणन, "मोठ्यानं वाच." तुमी मोठ्यानं वाचा, पण त्याची खालची वाक्यं आन् शेवटी पब्लिकसाठी लिहिलं तेवढंच.

आधी माहं. तीन बोटं गेली. मागच्या मंगळवारी रिना मॅडमच्या खोलीत मी आरशासमोर घातली आन् काढलीच नाई, तशीच बसून राह्यली, लाळ गळून राह्यली तरी. ती म्हणे, "ताई, काढा आता." काढली आन् तिथीच वरच्या पट्टीत एक तान घेतली. हनुवटी सरळ गेली. कानापाशी काई वाजलं नाई. बाहेर एक कंबरदुखीवाले बाबा बसले होते ते उठून आत आले, मले वाटलं रागवतीन, तं म्हणे, पुन्हा घ्या बाई. मी रडली. आवाज काढून रडली, किती महिन्यांनी.

मंग मी स्वतः ठमाबाईशी बोलली. ती म्हणे, "आवाज ऐकला, आता मले शंका नाई. पण खर्र्याची गोष्ट गावोगाव गेली. तू म्हणशील मारलं, तो म्हणन खर्रा, आन् बुकिंगवाले त्याच्यासोबत बसून खर्रा खातेत, ते त्याचंच ऐकतीन. त्याच्या तोंडून निघालं पायजे. निघालं तं पहिल्या नाटकाचं पोस्टर तुह्या नावानं लावते." त्याच्या तोंडून! मी दोन दिवस विचार करत बसली का ढाण्या वाघाच्या तोंडून खरं कसं निघन. त्याच्या तोंडून आजवर एकच माणूस काई काढू शकला आहे. तो माणूस तुमी आहात.

तुमच्यावर राग होता, सोमाजीभाऊ. आजही आहे. तुमी विंगेत माह्यापासून हातभर दूर होते. दोन्ही थापडी तुमी पाह्यल्या. मी "नको जी" म्हटलं तेही तुमी ऐकलं, कारण ते पुस्तकात नव्हतं आन् तुमी चमकून पुस्तकात पाह्यलं. मंग पुढचं वाक्य दिलं. तुमी वाईट माणूस नाई. तुमी पुस्तकात नसलेलं कवा बोलतच नाई, एवढंच. प्रॉम्प्टरनं पदरचं घालू नये म्हणतेत, मान्य आहे.

म्हणून आता मी पुस्तकात लिहून देते.

खाली त्याची वाक्यं आहेत. छोटी छोटी केली, त्याच्या तोंडात मावतीन अशी. पदरचं काई घालू नका, काई गाळू नका. नेहमीसारखं त्याच्या डाव्या खांद्यामागं उभे राहा आन् अर्धा शब्द पुढं राहून द्या, शंकरपटात देता तसं, ठासून. तो म्हणन. हातात पेढा असन, समोर पब्लिक असन, कानात तुमचा आवाज येईन, का त्याचं तोंड चालू होते. वाक्याचा अर्थ त्याच्या डोक्सात पोहचेपर्यंत ते तोंडातून निघून गेलं असते. पान चिकटलं म्हणनारा माणूस आहे तो.

पानावर बोट ठेवा. द्या.

केवळराम: ऐका गा सगळे!

केवळराम: दामिनीनं खर्रा कवाच खाल्ला नाई.

केवळराम: तिले लागलं नाई. मी मारलं.

केवळराम: ती नको म्हणे. मी दुसऱ्यांदा मारलं.

एवढंच. इथी तो थांबन, आजूबाजूले पाहन, टाळ्या काऊन नाई वाजून राह्यल्या म्हणून. मंग त्याले समजन. समजू दे. तुमी पुस्तक मिटू नका.

ठमाबाई, निकेश, आन् तिथी पेढा खात उभे असलेले बाकी सारे, आता तुमी पब्लिक आहात. मागं उभं असलेल्याईले नीट ऐकू आलं नसन. त्या मंडपात जसे शिट्ट्या मारून ओरडले होते ना, तसेच ओरडा.

वन्स मोअर!

दामिनी